विहीर माझी, पाणी कोणाचें?

मनुष्याच्या हातीं असलेल्या वस्तूंपैकीं जिच्याविषयीं "ही माझी" असें म्हणणें सर्वांत कठीण, ती वस्तु पाणी होय. शेत नांगरून, त्यास बांध घालून, सात-बाराच्या उताऱ्यावर नांव चढवून "हें माझें" असें म्हणतां येतें. बैल दावणीस बांधून तसें म्हणतां येतें. परंतु पाणी आज एकाच्या शेतांत पडतें, उद्यां दुसऱ्याच्या शेताखालून झिरपतें आणि परवां तिसऱ्याच्या विहिरींत प्रगट होतें. त्यास बांध ओळखतां येत नाहीं. असें असतां ह्याच वस्तूविषयीं आपल्या गांवोगांवीं जितकीं भांडणें होतात, तितकीं दुसऱ्या कशाविषयीं क्वचितच होत असतील. म्हणून ह्या अंकीं आम्ही वाचकांपुढें एक प्रश्न ठेवीत आहों. तो आम्हीं पुस्तकांतून काढलेला नाहीं. तो आमच्याच मंडळींतील एका बंधूनें आम्हांस विचारिला, आणि त्या वेळीं आम्हांस त्याचें उत्तर देतां आलें नाहीं.

ज्या जिल्ह्यास २०२४ सालापर्यंत अहमदनगर म्हणत व आतां अहिल्यानगर म्हणतात, त्याच्या अवर्षणाच्या पट्ट्यांत आमची ही मंडळी आहे. चैत्रांतील एका रविवारीं उपासना संपल्यावर वस्तींतील कांहीं भगिनी देवळाच्या ओट्यावर थांबून राहिल्या. वस्तीची जुनी विहीर पाडव्याच्या आधींच तळास गेली होती. त्यांतील एक वृद्ध भगिनी म्हणाली, "रात्रभर मोटार वाजते, आणि सकाळीं आमच्या विहिरींत पोहरा खडकावर आपटतो." ती मोटार कोणाची हें सांगण्याची गरज नव्हती. विहिरीपासून दोनशें पावलांवर आमच्या मंडळीच्या पंचांपैकीं एकाची विंधनविहीर आहे, जिला लोक बोअर म्हणतात. आणि त्या बोअरवर दोन एकर ऊस उभा होता. तो बंधु तेथेंच होता. तो रागावला नाहीं. तो शांतपणें म्हणाला, "पाळकसाहेब, जमीन माझी, कर्ज माझें, बोअर माझा, मग पाणी तेवढें कोणाचें?"

आम्ही गप्प राहिलों. आमच्या मौनाचें एक कारण असें कीं, उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें. दुसरें कारण अधिक लाजिरवाणें आहे. आम्ही ज्या पत्र्यांखालीं उभे होतों, ते पत्रे गेल्या वर्षीं त्याच बंधूच्या देणगीनें बसविले होते, आणि ती देणगी उसाच्या पैशांतून आली होती.

प्रथम त्या बंधूची बाजू न्यायानें मांडली पाहिजे. कारण तो लोभी मनुष्य नाहीं. त्याचा आजा दुसऱ्यांच्या विहिरीच्या काठीं ओंजळ पसरून, कोणी वरून पाणी घालील काय, म्हणून वाट पाहत उभा राहत असे. त्याच्या बापानें दर वर्षीं दिवाळीनंतर बायकामुलांसह गाडी जोडून कारखान्यांच्या मुलखांत जावें आणि दुसऱ्यांचा ऊस तोडावा. ह्या बंधूनें पतपेढीचें कर्ज काढून बोअर घेतले. पहिले दोन कोरडे गेले, तिसऱ्यास पाणी लागलें. ज्वारीस काय भाव येईल हें त्यास कोणी आधीं सांगत नाहीं; कांद्याचा भाव तर एका रात्रींत कोसळतो; परंतु ऊस कारखाना घेऊन जातो आणि त्याच्या दरास सरकारचा आधार असतो. त्याची मुलगी परिचारिकेचें शिक्षण घेत आहे, आणि तिच्या शुल्काचे हप्ते उसावर अवलंबून आहेत. अशा मनुष्यास "ऊस सोड" असें सांगणें, ज्याचें वेतन महिन्याच्या महिन्यास येतें त्या पाळकास फार सोपें आहे. जो उपदेश सांगणाऱ्यास फुकट पडतो आणि ऐकणाऱ्यास महाग पडतो, त्याविषयीं सांगणाऱ्यानें सावध असावें.

तथापि प्रश्न राहतोच. जमीन, कर्ज व बोअर हीं तीन त्याचीं आहेत हें आम्हांस मान्य आहे. चौथ्या वस्तूविषयीं मात्र विचार केला पाहिजे, आणि त्यासाठीं जमिनीखालीं काय आहे तें प्रथम पाहिलें पाहिजे.

आपल्या लोकांची अशी समजूत असते कीं, पुष्कळ खोल गेलें म्हणजे पाताळांत एक नदी वाहत आहे आणि जो तिच्यापर्यंत पोंहोचेल त्यास अखंड पाणी मिळेल. आपल्या दख्खनच्या पठारावर ही समजूत खोटी आहे. येथें भूमीखालीं काळा पाषाण आहे, जो प्राचीन काळीं तप्त लाव्हारसाचे थरांवर थर पसरून झाला. तो अखंड असतो तेथें त्यांत पाणी मावत नाहीं. पाणी राहतें तें वरच्या झिजलेल्या मुरमांत, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. पावसाळ्यांत हा सांठा भरतो आणि पुढील आठ महिने तोच पुरवावयाचा असतो. म्हणून बोअर दोनशें फुटांवरून पांचशें फुटांवर नेला म्हणजे बहुधा नवें पाणी निर्माण होत नाहीं; वरच्या भेगांतील पाणी खालीं ओढण्यास एक नवी वाट मात्र मिळते, आणि शेजारच्या उथळ विहिरीचा झरा आटतो. गांवाची भूमि हें जणूं एकच रांजण आहे. त्यास प्रत्येकानें आपापल्या अंगणांतून नळी लाविली आहे, आणि ज्याची नळी लांब तो शेवटपर्यंत पितो.

कायद्याविषयीं म्हणाल, तर १८८२ सालच्या सुविधाधिकारांच्या कायद्यानें जमिनीच्या मालकास आपल्या भूमीखालीं झिरपणारें पाणी घेण्याचा हक्क मान्य केला. ज्या काळीं मोट होती आणि बैल थकत असत, त्या काळीं ह्या हक्कास बैलांच्या थकव्यानेंच मर्यादा घातली होती. विजेची मोटार थकत नाहीं. म्हणून पुढें राज्यास नवे कायदे करावे लागले. १९९३ च्या कायद्यानें पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पांचशें मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर घेण्यास बंदी केली, आणि त्यानंतर २००९ सालीं भूजलाविषयीं अधिक व्यापक असा कायदा झाला. परंतु गांवांत कायदा पाहण्यास कोण जातो? बोअरचें यंत्र रात्रीं येतें आणि पहाटे निघून जातें. जेथें शेजाऱ्याचें डोळे मिटलेले असतात तेथें कायद्याचेहि मिटतात. म्हणून हा प्रश्न शेवटीं विवेकबुद्धीपुढें येतो.

विवेकबुद्धीस हिशेब कळला पाहिजे. नाहीं तर ती नुसती हळहळते. म्हणून वाचकांनीं आमच्याबरोबर थोडें गणित करावें. एक एकर जमिनीवर एक मिलीमीटर पाणी उभें केलें तर तें सुमारें चार हजार लिटर भरतें. उसास लागणीपासून तोडणीपर्यंत दोन हजार मिलीमीटरांच्या आसपास पाणी लागतें. त्यांतून आपल्याकडील पावसाचे पांचशें मिलीमीटर वजा करूं. उरले दीड हजार. म्हणजे एका एकरास साठ लाख लिटर, आणि हें सर्व विहिरींतून अथवा कालव्यांतून आलें पाहिजे. पाटानें मोकळें सोडलें तर याहूनहि पुष्कळ जास्त. आतां दुसरी बाजू. २०१९ सालीं सुरू झालेल्या सरकारच्या नळयोजनेंत खेड्यांतील माणसास दररोज ५५ लिटर पाणी मिळावें असें ठरविलें आहे. वर्षाचे झाले सुमारें वीस हजार लिटर. तेव्हां एक एकर ऊस जें पाणी पितो, त्यांत तीनशें माणसांचें वर्ष निघतें. आमच्या वस्तींत लहानथोर मिळून जवळजवळ तीनशेंच माणसें आहेत.

हें गणित आम्हीं त्या बंधूच्या ओट्यावर बसून पाटीवर करून पाहिलें. त्यानें तें दोनदां तपासलें, आणि मग तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

ह्याच गणितांतून आम्हांस आमचीहि एक चूक दिसली. गेलीं कित्येक वर्षें उन्हाळ्यांत आम्ही व्यासपीठावरून पाण्याच्या काटकसरीचा उपदेश करीत आलों आहों: धुण्याचें पाणी झाडांस घाला, भांडीं राखेनें घासा, लहान लेंकरांस परातींत उभें करून न्हाऊं घाला आणि तें पाणी वाया जाऊं देऊं नका. हा उपदेश वाईट नाहीं. परंतु तो कोणास केला? ज्या भगिनी दोन हंडे डोक्यावर व एक कमरेवर घेऊन अर्धा कोस चालतात, त्यांस! पाण्याचा थेंब वांचविण्याविषयीं त्यांस शिकविण्यासारखें आमच्याजवळ कांहींएक नव्हतें. त्यांच्यापासून आम्हींच शिकावें. घरांत हंड्याहंड्यानें जें वांचतें, तें शेतांत एका रात्रींत वाहून जातें. ज्याच्या हातांत मोटारीची कळ आहे त्यास कांहीं न म्हणतां जिच्या हातांत तांब्या आहे तिला काटकसर सांगणें, हा न्याय नव्हे. तिच्यापुढें बोलणें आम्हांस सोपें वाटलें आणि त्याच्यापुढें अवघड वाटलें, एवढाच त्याचा अर्थ.

दुष्काळ आला म्हणजे आपण सर्वजण पाणी आणण्याच्या युक्त्या काढतों. टँकर येतात, नवे बोअर पडतात, धरणाच्या पाण्यासाठीं मोर्चे निघतात. २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या गाडीनें पांच लाख लिटर पाणी नेलें, आणि सगळ्या देशानें तें आश्चर्यानें पाहिलें. तहानलेल्यांस पाणी पोंहोंचविणें हें पुण्यकर्मच आहे. परंतु वरील हिशेब ध्यानांत असलेल्या मनुष्यास दिसेल कीं, पांच लाख लिटर म्हणजे एका एकर उसाच्या पाण्याचा बारावा हिस्सा. पाणी आणण्यास कोठें तरी सीमा आहे. आणि ती सीमा आली म्हणजे जो प्रश्न आपण टाळीत होतों तो समोर उभा राहतो, तो असा कीं आपण मागतों किती?

पवित्र शास्त्र हें कोरड्या देशांतील लोकांचें पुस्तक आहे. ज्यांस नाईलसारखी नदी होती त्या मिसरी लोकांच्या देशाहून इस्राएलास दिलेला देश भिन्न असून तो आकाशांतील पावसावर अवलंबून आहे, असें मोशे लोकांस अनुवादाच्या अकराव्या अध्यायांत बजावून सांगतो. म्हणून त्या ग्रंथांत विहिरींच्या गोष्टी पुष्कळ आहेत. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायांत इसहाकाच्या चाकरांनीं गराराच्या खोऱ्यांत विहीर खणिली, तों तेथील गुराखी पाण्यावर हक्क सांगूं लागले. इसहाकानें ती सोडिली आणि दुसरी खणिली. तिजवरहि तंटा झाला. मग तो पुढें गेला आणि तिसरी खणिली. तिजविषयीं कोणी भांडलें नाहीं, म्हणून त्यानें तिचें नांव रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, असें ठेविलें. ह्या गोष्टीवरून सोशिकपणाविषयीं आम्हीं अनेक उपदेश केले आहेत. परंतु इसहाकास पुढें जाण्यास जागा होती. आपणांस ती नाहीं. आपल्या गांवाच्या पुढें दुसरें गांव आहे, आणि त्याचीहि विहीर आटलेली आहे. आपली रहोबोथ आपणांस दूर जाऊन सांपडणार नाहीं. ती एकमेकांशीं करार करून ह्याच शिवारांत करावी लागेल.

तो करार कसा असावा ह्याचा नमुना निर्गमाच्या सोळाव्या अध्यायांत आहे. अरण्यांत मान्ना पडला तेव्हां तो कोणाच्या तंबूपुढें किती पडला हें पाहिलें गेलें नाहीं. माणशीं एक ओमर, असें माप ठरलें. ज्यानें पुष्कळ गोळा केलें त्यास जास्त झालें नाहीं आणि ज्यानें थोडें गोळा केलें त्यास कमी पडलें नाहीं. जो सांठवून ठेवावयास गेला त्याच्या मान्न्यांत किडे पडले. आकाशांतून जें येतें त्याची वांटणी भूमीच्या मानानें होऊं नये, माणसांच्या मानानें व्हावी, हें त्या गोष्टींतील मर्म आहे.

कोणी म्हणेल, "ही अरण्यांतील चमत्काराची गोष्ट, आमच्या शिवारांत ती कशी चालेल?" परंतु ती आपल्याच महाराष्ट्रांत चालली आहे. १९७२ च्या भयंकर दुष्काळानंतर पुण्याचे अभियंते व कारखानदार विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें देवस्थानची माळजमीन खंडानें घेऊन पाणी अडविण्याचा प्रयोग केला, आणि त्यांतून १९७४ च्या सुमारास पाणी पंचायतीची चळवळ निघाली. तिचे नियम ऐकण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणांत द्यावयाचें नाहीं, कुटुंबांतील माणसांच्या प्रमाणांत द्यावयाचें. माणशीं अर्धा एकर भिजेल एवढें, आणि एका कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरतें. ज्यास जमीन नाहीं त्यासहि पाण्याचा वांटा. कोणीं जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाहीं. आणि ऊस लावावयाचा नाहीं. हे गृहस्थ ख्रिस्ती नव्हते. तरी मान्न्याची गोष्ट रोज वाचणाऱ्या आम्हां लोकांपेक्षां तिचा अर्थ त्यांनीं अधिक कृतींत आणिला, असें आम्हांस नम्रतेनें म्हणावें लागतें.

ही कल्पना आपल्या पूर्वजांसहि अगदींच परकी नव्हती. खानदेशांत पांझरेच्या कांठीं व बागलाणांत मोसमेच्या कांठीं बंधाऱ्यांच्या पाण्यावर फडपद्धति कित्येक शतकें चालत आली. तेथें भिजणारी सर्व जमीन फडांत विभागलेली असे. कोणत्या फडांत कोणतें पीक घ्यावयाचें हें एकट्यानें ठरवावयाचें नाहीं, सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. पाटकरी ज्याच्या त्याच्या शेतास पाळीनें पाणी देई. आणि पाणी तोकडें असलें तर टंचाई सर्वांच्या वांट्यास येई. आणि आमच्या जिल्ह्यांतील हिवरे बाजारचें उदाहरण तर प्रसिद्धच आहे. तेथें वर्षास सुमारें चारशें मिलीमीटर पाऊस पडतो. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गांवकऱ्यांनीं श्रमदानानें डोंगरउतारावर चर खणिले, पाणी मुरविलें. परंतु त्यांचें खरें शहाणपण आमच्या मतें पुढें आहे. त्यांनीं शेतीसाठीं बोअर घेण्यास व ऊस-केळीसारखीं पिकें घेण्यास बंदी केली. आणि दर वर्षीं पाऊस संपल्यावर गांव एकत्र बसून किती पाऊस पडला व विहिरींत किती पाणी आहे हें पाहतें, माणसांचें व गुरांचें पाणी आधीं राखून ठेवतें, आणि राहिल्या पाण्यांत कोणतीं पिकें बसतील तें ठरवितें. शेजारच्या गांवांतहि चर खणिले गेले आहेत. परंतु जेथें पाणी मुरलें आणि मागणी आवरली नाहीं, तेथें मुरलेलें पाणी ज्याची मोटार मोठी त्याच्या उसांत गेलें.

आतां ज्या शंका आम्हांस वारंवार ऐकूं येतात, त्यांचा विचार करूं.

पहिली शंका: "आम्ही ठिबक बसविलें आहे, मग आमचें काय चुकलें?" ठिबक उत्तम आहे, ज्यास शक्य आहे त्यानें तें अवश्य बसवावें. परंतु आम्हीं असें पाहिलें आहे कीं, एका एकराचें पाणी वांचलें म्हणजे शेतकरी आणखी एक एकर लावितो, आणि विहीर पहिल्याइतकीच रिती होते. वांचविलेलें पाणी ज्यानें वांचविलें त्यानेंच पुन्हां वापरलें, तर ती काटकसर झाली. ती शेजाऱ्यावरील प्रीति झाली नाहीं. प्रीतीस माप लागतें. "मी कमी वाया घालवितों" एवढ्यानें भागत नाहीं. "मी इतकेंच घेईन" असें म्हणतां आलें पाहिजे.

दुसरी शंका: "शहरें व कारखाने आमच्यापेक्षां किती तरी अधिक पाणी घेतात, त्यांस कोणी विचारीत नाहीं." हें खरें आहे, आणि त्याविषयीं बोललें पाहिजे, आम्ही बोलतोंहि. परंतु दुसऱ्याच्या मोठ्या अपराधानें आपला लहान अपराध पुसला जात नाहीं. शिवाय वस्तींतील त्या वृद्ध भगिनीच्या विहिरींतील झरा शहरानें नेला नव्हता.

तिसरी शंका भाविकांची आहे: "देव पाऊस पाडील, आपण हिशेब करणें हा अविश्वास नव्हे काय?" आम्ही दर ज्येष्ठांत पावसासाठीं प्रार्थनासभा भरवितों, आणि पुढेंहि भरवूं. परंतु ज्या योसेफावर देवाचा आत्मा होता, त्यानें सुकाळाच्या सात वर्षांत धान्य मोजून कोठारांत भरलें. त्यास कोणी अविश्वासी म्हटलें नाहीं. गेल्या वर्षीं देवानें दिलेल्या पावसाचा हिशेब न देतां ह्या वर्षीं अधिक पाऊस मागणें, हें जुनें खातें न दाखवितां धन्यापासून नवें भांडवल मागणाऱ्या कारभाऱ्यासारखें आहे.

चौथी शंका सर्वांत कठीण. आणि ती आमच्या त्या बंधूनेंच काढिली. तो म्हणाला, "पाळकसाहेब, मी उद्यां मोटार बंद करतों. पण ओढ्यापलीकडे आणखी तीन बोअर आहेत. मी ठेवलेलें पाणी वस्तीस मिळणार नाहीं; तें ते ओढतील. माझें नुकसान होईल आणि विहीर कोरडीच राहील." ह्या म्हणण्यांत सत्य आहे, आणि तें उडवून लावणें प्रामाणिकपणाचें नव्हे. रांजण एक असतां एकट्याचा त्याग बहुतांशीं दुसऱ्याच्या नळींत जातो. परंतु ह्यावरून दोन गोष्टी निघतात, आणि तो बंधु एकच काढीत होता. त्याचें अनुमान असें कीं, "म्हणून मीहि ओढीन." ह्याच अनुमानानें तिघेहि ओढीत आहेत, आणि चौघांपैकीं प्रत्येकजण दुसऱ्या तिघांकडे बोट दाखवितो. दुसरें अनुमान असें कीं, जें एकट्यानें होत नाहीं तें मिळून करण्याचा भार प्रत्येकावर पडतो. म्हणून ओढ्यापलीकडे जाऊन त्या तिघांशीं बोलणें हें त्याचें कर्तव्य झालें. आणि जो स्वतःची मोटार चालू ठेवून बोलावयास जाईल त्याचें कोण ऐकेल? आधीं थांबणारा मनुष्य पाणी वांचवील किंवा न वांचवील. परंतु बोलण्याचा अधिकार तो मिळवितो. करार होण्यापूर्वीं कोणी तरी पहिला विश्वास ठेवावा लागतो, आणि त्याची किंमत त्यालाच पडते. तो पहिला मनुष्य आपल्या मंडळीचा असावा, एवढेंच आम्ही मागतों.

आपल्या मंडळीचाच कां? ह्याचें उत्तर आपल्या इतिहासांत आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या पूर्वजांस सार्वजनिक पाणवठ्यावर पाय ठेवण्याची बंदी होती. १८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानिलेल्यांस खुला केला, तेव्हां लोकांनीं त्यास मोठें पाप मानिलें. १९२७ च्या मार्चच्या २० व्या दिवशीं डॉक्टर आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर हजारों लोकांसह गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या एका ओंजळीसाठीं लोकांनीं मार खाल्ला, आणि न्यायालयाचा निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. याकोबाच्या विहिरीवर आपल्या प्रभूनें ज्या शोमरोनी स्त्रीपाशीं पाणी मागितलें, तिच्या पात्राचाहि यहूद्यांस विटाळ होत असे. ही सर्व आपली वंशावळ आहे. ज्यांस एके काळीं विहिरीच्या काठावरून हांकून लावीत, त्यांच्या नातवांनीं काठावरून कोणासहि न हांकतां, जमिनीखालून तीच विहीर रिकामी करावी, आणि त्यांत आपल्याच वस्तीच्या आयाबहिणी तहानेल्या राहाव्या, ही गोष्ट आम्हांस फार दुःखाची वाटते. पूर्वीं जातीनें अडविलें. आतां मोटारीची शक्ति अडविते. हंडा रिता तो रिताच. यहेज्केल संदेष्टा चौतिसाव्या अध्यायांत अशा मेंढरांविषयीं बोलतो, जीं निवळ पाणी पिऊन उरलेलें पायांनीं गढूळ करितात आणि दुबळ्या मेंढरांस तें प्यावें लागतें. तेथें देवाचा राग लांडग्यांवर नाहीं. तो कळपांतील लठ्ठ मेंढरांवर आहे, हें ध्यानांत ठेवावें.

तेव्हां त्या बंधूच्या प्रश्नास आमचें उत्तर असें: विहीर तुझी आहे. तुझ्या श्रमांची व कर्जाची आम्ही थट्टा करीत नाहीं. परंतु पाणी तुझ्या हातीं सोंपविलेलें आहे, तुझें केलेलें नाहीं. त्यांतील पहिला वांटा गांवांतील प्रत्येक मनुष्याच्या व गुराच्या तहानेचा, दुसरा प्रत्येक कुटुंबाच्या भाकरीचा, आणि तिसरा, उरला तर, तुझ्या लाभाचा. आणि जर मंडळी तुझ्यापासून हा त्याग मागते, तर त्याचा भार मंडळीनेंहि उचलला पाहिजे. नाहीं तर आमचा उपदेश निव्वळ ढोंग होईल.

पुढें काय झालें तेंहि सांगतों, आणि त्याहून अधिक कांहीं झालें असें भासवीत नाहीं. वैशाखांत पंच बसले. त्या बंधूनें कबूल केलें कीं, वीज येईल तेव्हां पहिला तास मोटारीचें पाणी वस्तीच्या टांकींत सोडावयाचें. आणि उभा ऊस तुटल्यावर अर्ध्या एकराहून अधिक ऊस ठेवावयाचा नाहीं, बाकीच्या रानांत शाळू व हरभरा घ्यावयाचा, जीं पिकें काळ्या रानांतील ओलीवर व एखाद्या दुसऱ्या पाण्यावर निघतात. मंडळीनें ठरविलें कीं, त्याचें वार्षिक दान कमी होईल तें कमीच स्वीकारावयाचें व कोणीं त्याविषयीं शब्द काढावयाचा नाहीं. त्याच्या मुलीच्या ह्या वर्षाच्या शुल्कांतील कांहीं भार मंडळीच्या निधीनें उचलावयाचा. आणि पाळकाच्या आवारांतील शोभेच्या बागेस पाणी घालणें बंद करावयाचें. शेवटचा ठराव आमच्या घरांतूनच सुचविला गेला, आणि तो सर्वांत आधीं अमलांत आला. ओढ्यापलीकडील तिघांकडे तो बंधु दोनदां जाऊन आला. एकानें ऐकून घेतलें. दोघांच्या मोटारी अद्याप रात्रभर चालतात. वस्तीची विहीर भरलेली नाहीं. टांकींत मात्र पाणी असतें.

ज्या मंडळ्या कोरड्या मुलखांत आहेत त्यांस आमची विनंति अशी कीं, येत्या कार्तिकांत, कापणीचा सण पाळाल तेव्हां, धान्याच्या राशीबरोबर पाण्याचाहि हिशेब देवापुढें मांडा. पाऊस किती पडला, विहिरींत किती हात पाणी आहे, माणसें किती, गुरें किती, कोणाचें कोणतें पीक उभें आहे, हें सर्वांसमक्ष लिहून काढा. शक्य असेल तेथें ग्रामसभेंत हीच गोष्ट मांडा. कारण झरा ख्रिस्ती व हिंदु असा भेद करीत नाहीं. आणि येत्या ज्येष्ठांत पावसासाठीं गुडघे टेकण्यापूर्वीं ज्याच्या घरीं मोटारीची कळ आहे त्यानें शेजारच्या विहिरींत एकदां वांकून पाहून यावें. मग जी प्रार्थना होईल ती थोड्या शब्दांची असेल. परंतु ती खरी असेल.